शेंडीला उतरायचं की नाही: वाकड्या पावलांच्या बाळाच्या नऊ खेपा

हे प्रकरण २०२३ च्या पावसाळ्यातलं आहे. मी तेव्हा अकोले तालुक्यात गटप्रवर्तक होते, म्हणजे वीसेक आशांच्या कामावर देखरेख आणि त्यांच्या रजिस्टरांवर सह्या. नावं, पाडा आणि रुग्णालय ओळखू येईल असं इथं काही ठेवलेलं नाही. तारखा आणि गाड्यांचे घोळ मात्र जसेच्या तसे आहेत, कारण शिकण्यासारखं जे काही आहे ते त्यातच आहे.

पार्श्वभूमी

गाव भंडारदरा धरणाच्या पाणलोटातलं. पहिलं बाळंतपण म्हणून मुलगी माहेरी आलेली. नवरा नारायणगावच्या बाजूला शेतमजुरीला. माहेरी आई, म्हातारे वडील आणि दीड एकर भातखाचर. भाऊ नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, बायकोसह एका खोलीत राहणारा.

१० जुलैला मुलगा झाला. वजन पावणेतीन किलो, रडणं चांगलं, दूध ओढणं चांगलं. दोन्ही पावलं मात्र आत वळलेली, तळवे एकमेकांकडं बघणारे. जिथं बाळंतपण झालं तिथं सांगितलं गेलं, "मालिश करा, होतील सरळ." घरी आल्यावर आजीनं सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावून पावलं बाहेरच्या बाजूला दाबायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवसाच्या गृहभेटीत आशाताईंनी वजन, ताप, नाळ पाहिली. पाय दुपट्यात गुंडाळलेले होते. सातव्या दिवशी बाळ आंघोळीला काढलेलं असताना त्या पोचल्या आणि त्यांना पावलं दिसली. त्यांनी शाळेमागच्या खडकावर चढून (गावात रेंज तिथंच येते) मला फोटो पाठवला.

सासूचा फोनवर निष्कर्ष तयार होता. दिवाळीतल्या ग्रहणात सुनेनं विळीवर भाजी चिरली, म्हणून पोराचे पाय वाकले. ते ग्रहण २५ ऑक्टोबर २०२२ चं. मी बोटांवर हिशेब केला, तर त्या दिवशी मुलीची पाळीसुद्धा चुकलेली नव्हती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती नुसती हसली. म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही त्यांना सांगा." मी सांगितलं नाही. तो वाद जिंकून पाय सरळ होणार नव्हते, आणि सासू पुढं खर्चाला पैसे पाठवणारी निघाली.

अडचण नेमकी काय होती

चौदाव्या दिवशी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातल्या डॉक्टरांनी बाळ पाहिलं आणि दोन मिनिटांत निदान सांगितलं: क्लबफूट, दोन्ही पाय. हजार जन्मांमागं एखाद-दुसऱ्या बाळात दिसणारा दोष, मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट. बहुतेक बाळांत कारण सापडत नाही. उपचार मात्र ठरलेला आहे, पोन्सेटी पद्धत. दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं थोडं वळवायचं आणि बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं. मग बहुतेकांना टाचेमागची घट्ट शीर जागच्या जागी बधिर करून एका छोट्या छेदानं सैल करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढं चार-पाच वर्षांचा होईपर्यंत झोपताना.

डॉक्टरांनी हे नीट समजावलं आणि चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीचं काम तिथं संपलं. दर आठवड्याला तीन आठवड्यांचं बाळ घेऊन डोंगरातून शहरात जायचं कसं, कोणी, कुठल्या गाडीनं, हे कुठल्याही रकान्यात नव्हतं. मी ते आपलं काम समजले, पण समजायला उशीर केला.

त्यात महिना आवणीचा. आमच्याकडं भात सावडीनं लावतात. आज तुमच्या खाचरात दहा बाया, उद्या त्यांच्या. आजी एक दिवस गेली नाही तर नुसता दिवस बुडत नाही, तिच्या खाचरावर कोणी येत नाही. बाळंतीण एकटी जाऊ शकत नव्हती. सव्वा महिना झालेला नव्हता हे एक, आणि जांघेपर्यंत प्लास्टर घातलेलं बाळ, पिशवी, छत्री, कागद असं सगळं घेऊन जीपमध्ये चढणं एकटीच्या आवाक्यातलं नाही हे दुसरं. शिवाय १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. आमच्या पट्ट्यात त्यानंतर दहा-पंधरा दिवस लोक घाटाचं नाव काढायला तयार नव्हते.

कुठं जायचं: चार पर्याय

चिठ्ठी रीतीप्रमाणं जिल्ह्याच्या ठिकाणी होती. आमचा जिल्हा नगर (आता अहिल्यानगर), आणि त्या गावातून नगर म्हणजे राजूर, अकोले, संगमनेर करत सव्वाशे किलोमीटरच्या पुढं. एका दिवसात जाऊन येणं बाळंतिणीला झेपणारं नव्हतं. तिथं ओळखीचंही कोणी नाही.

दुसरा पर्याय नवऱ्यानं सुचवला. मायलेकरांनी नारायणगावला त्याच्या खोलीवर यायचं आणि तिथून दर आठवड्याला पुणे. अंतर बरं, रस्ता मोठा, नवरा सोबत. पण ती खोली म्हणजे चार मजुरांत मिळून घेतलेली पत्र्याची शेड होती. चाकणला गाड्या किती वेळ अडकतात हे त्या रस्त्यानं गेलेल्या कोणालाही विचारा. मुलीच्या आईनं हा पर्याय एका वाक्यात निकालात काढला: "ओल्या बाळंतिणीला पत्र्याखाली नाही धाडायची."

तिसरा, संगमनेरचा खासगी दवाखाना. तिथं लगेच प्लास्टर घालायची तयारी होती. पण दर प्लास्टरला हजाराच्या वर खर्च सांगितला आणि "पुढं ऑपरेशन लागेल" असंही वर जोडलं. ऑपरेशन म्हणजे शीर सैल करणं की पाऊल उघडून मोठी शस्त्रक्रिया, ते स्पष्ट केलं नाही. पोन्सेटीत हा फरक फार मोठा आहे.

चौथा, नाशिक. जिल्हा दुसरा, पण रस्त्यानं जवळ. शेंडी (धरणाजवळचं गाव), बारी, घोटी करत ऐंशी-नव्वद किलोमीटर. मामाची खोली तिथं. एका मोठ्या रुग्णालयात दर गुरुवारी लहान मुलांच्या वाकड्या पावलांची ओपीडी चालते अशी पक्की माहिती पथकातल्या डॉक्टरांकडं होती.

नाशिक ठरलं. निर्णय बरोबरच होता. डॉक्टरांनी चिठ्ठी बदलून दिली, त्यात चार दिवस गेले. माझा पहिला धडा इथला आहे. चिठ्ठी जिल्ह्याच्या हद्दीनं लिहिली जाते, माणूस रस्त्यानं जातो. पहिल्याच दिवशी "तुमचं कोण कुठं राहतं?" एवढं विचारलं असतं तर ते चार दिवस वाचले असते.

कधी निघायचं, यावर मात्र ओढाताण झाली. आजीचं म्हणणं, आवणी उरकू दे, सव्वा महिना होऊ दे, मग पंधरा ऑगस्टनंतर बघू. वैद्यकीयदृष्ट्या दोन-तीन आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत सुरू केलेलं चांगलं, पण नंतरही पाय सुधारतात. मला भीती वेगळी होती. आवणीनंतर पोळा, मग गणपती, मग गौरी, आणि "मग बघू" याला आमच्याकडं शेवट नसतो. मी जोर लावला. मुलीच्या वडिलांनी, जे एरवी काही बोलत नाहीत, "खाचर थांबंल" असं म्हणून तो प्रश्न संपवला. खाचर थांबत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

पहिली खेप, ३ ऑगस्ट

मुक्कामी एसटी पहाटे सव्वापाचला गावातून सुटते आणि शेंडी, राजूर करत अकोल्याला जाते. नाशिकला जायचं तर शेंडीला उतरून घोटीची काळी-पिवळी धरायची, हा जवळचा रस्ता. सगळे तसेच जातात. आम्हीही तसंच ठरवलं.

आई, आजी आणि बाळ सहाच्या सुमारास शेंडीला उतरले. जीप उभी होती, चालक "घोटी, घोटी" ओरडत होता. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि पावसाळ्यातल्या गुरुवारी सकाळी भरायला माणसं कुठली? बाळ कुडकुडू लागलं म्हणून त्या दोघी चहाच्या टपरीत बसल्या. जीप सुटली पावणेआठनंतर. घोटीला दोन एसटी भरून पुढं निघून गेल्या, तिसरीत उभ्यानं जागा मिळाली. एका माणसानं उठून आईला बसायला दिलं. नाशिकचं महामार्ग बसस्थानक, तिथून रिक्षा, केसपेपरची रांग. प्लास्टरच्या खोलीपाशी पोचल्या तेव्हा पावणेबारा झाले होते. त्या दिवसाचे नंबर संपलेले.

"पुढच्या गुरुवारी दहाच्या आत या."

चार तासांच्या परतीच्या प्रवासात आजी काही बोलली नाही. त्या दिवशी तिची सावडीची पाळी बुडाली होती. संध्याकाळी तिनं आशाताईंना एवढंच विचारलं, "तुमच्या मॅडमनी टायम नव्हता का इचारला?"

विचारला नव्हता. ओपीडी "सकाळी" असते हे मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर मी एका बाळंतिणीला जाऊन-येऊन शंभर मैल हिंडवलं.

दुसरा बेत: आदल्या दिवशी मामाकडं

आता तीन वाटा होत्या. एक, १०२ ची गाडी, म्हणजे सरकारी रुग्णवाहिका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी तान्ह्याला वर्षाचा होईपर्यंत मोफत वाहनाचा हक्क आहे. मी विचारलं, तोंडी उत्तर आलं: गाडी एकच आहे, बाळंतपणासाठी राखावी लागते, शिवाय हद्दीबाहेर आणि तेही दर आठवड्याला जमणार नाही. मी तोंडी नकार घेऊन गप्प बसले. दुसरी वाट, मुक्कामी गाडीतून शेंडीला न उतरता थेट अकोल्याला जायचं आणि तिथून संगमनेर, सिन्नरवरून नाशिक. रस्ता बराच लांबचा, म्हणून कोणी तिचा विचारही केला नाही. तिसरी, बुधवारी दुपारीच निघून अंबडला मामाकडं मुक्काम.

तिसरी निवडली. १० ऑगस्टला त्या साडेआठलाच रुग्णालयात हजर होत्या आणि पहिलं प्लास्टर पडलं. प्लास्टर घालताना बाळ भुकेलं हवं म्हणजे आईला त्याच वेळी पाजता येतं आणि ते पाय झाडत नाही, हे तिथल्या सिस्टरनं सांगितलं. तेव्हापासून शेवटचं पाजणं साडेसातला आणि मग थेट प्लास्टरच्या टेबलावर, असा हिशेब बसला. गुडघ्यात काटकोनात वाकवलेले दोन पांढरे पाय घेऊन बाळ बेडकासारखं दिसत होतं. त्याला आता एका माणसाची जागा पुरत नव्हती. तिकीट नसलं तरी दीड सीट लागायची.

तिकिटांचा भार हलका होता. त्या वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं आणि पाच वर्षांखालच्याला तिकीट नसतं. खरा पैसा जात होता जीप, रिक्षा आणि बुडालेल्या मजुरीत. पाऊसही अनपेक्षितपणे मदतीला आला, म्हणजे आलाच नाही. ऑगस्ट २०२३ राज्यभर कोरडा गेला. लोक आभाळाकडं बघून हळहळत होते आणि मी मनात म्हणत होते, प्लास्टर भिजत नाही हे बरंय. हे कुणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

जिथं घसरलो: २४ ऑगस्ट

जुनं प्लास्टर भिजवून काढायचं आणि लगेच नवं घालायचं. दोन्हींमध्ये जितका कमी वेळ जाईल तितकं चांगलं, कारण मोकळं सोडलेलं पाऊल परत वळायला लागतं. पहिल्या वेळी रुग्णालयातून सांगितलं होतं, "येताना काढून आणा." आईनं त्याचा अर्थ सकाळी भिजवून काढायचं असा बरोबर घेतला आणि १७ तारखेला तसंच केलं. पहाटे चारला उठून, मामीच्या मोरीत, दीड तास.

चाळीत मोरी सामायिक होती, पाणी संध्याकाळीच यायचं. मामीची सकाळची पाळी, तिला सहाला निघावं लागायचं. पहाटेच्या त्या दीड तासानं सगळ्या चाळीची घडी विस्कटली. त्यामुळं पुढच्या आठवड्यात मामीनंच सुचवलं, रात्रीच काढून ठेवा, बाळालाही जरा मोकळं वाटेल. कोणालाही पटेल असं ते म्हणणं होतं. बुधवारी संध्याकाळी सहाला प्लास्टर निघालं. आईनं कोमट पाण्यानं पाय पुसले, दोन आठवड्यांचा मळ निघाला, बाळ रात्रभर पाय झाडत हसत-खेळत होतं. मामानं व्हिडिओ काढून मेहुण्याला पाठवला.

सकाळी डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं आणि थांबले.

"प्लास्टर केव्हा काढलं?"

"काल सहाला."

"सकाळी सहाला?"

"न्हाई, संध्याकाळी."

पंधरा तास पाऊल मोकळं होतं. डॉक्टर रागावले नाहीत, ते मला नंतर आईनंच सांगितलं. पण मिळवलेली सुधारणा बरीचशी निसटली होती आणि तो आठवडा तिथंच पुन्हा भरून काढावा लागला. त्या दिवशी आईनं फोनवर पहिल्यांदा रडून घेतलं. ग्रहणाच्या आरोपावर न रडलेली मुलगी ती.

मी त्या दुपारी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना फोन लावला. नंबर माझ्याकडं तीन आठवडे होता. त्यांनी सांगितलं की लांबून येणाऱ्यांसाठी प्लास्टरच्या खोलीबाहेर साडेआठपासून बादल्या ठेवलेल्या असतात, तिथंच भिजवून काढता येतं. बादल्या पहिल्या दिवसापासून तिथंच होत्या. आमच्या दोघी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

लसीचं राहूनच गेलं असतं

दीड महिन्याची लस २१ ऑगस्टला लागू होत होती. पेंटाव्हॅलंट मांडीत देतात आणि मांड्या प्लास्टरच्या आत. गावच्या लसीकरण सत्रात नर्सताई सुई हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि बाळाला तसंच परत पाठवलं. आशाताईंच्या लक्षात आलं की प्लास्टर बदलताना मांड्या अर्धा तास तरी मोकळ्या असतात. डॉक्टरांना विचारून, माता-बालक संरक्षण कार्ड दाखवून २४ तारखेला तिथल्याच लसीकरण खोलीत लस झाली. रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला. अडीच महिन्यांचा डोस मात्र शेवटच्या तीन आठवड्यांच्या प्लास्टरमुळं पुढं ढकलावा लागला, तो १२ ऑक्टोबरला दिला. प्लास्टरच्या बाळाचं कार्ड हातात आलं की आता मी आधी लसीच्या तारखा पाहते.

तिसरा बेत: लांबचा रस्ता

३१ ऑगस्टची खेप बादलीच्या आधारानं सुरळीत झाली. मामाकडचा मुक्काम मात्र ताणला गेला होता. मामी वाईट नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत दर बुधवारी तीन पाहुणे आणि त्यातलं एक रात्री चारदा उठणारं, हे किती आठवडे चालणार?

त्यातच १ सप्टेंबरला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि ठिकठिकाणी एसटी बंद पडू लागल्या. ७ तारखेला गाडी मिळेल का, हे कोण सांगणार? उत्तर गावातच झोपलेलं होतं. मुक्कामी गाडीचे चालक-वाहक समाजमंदिरात मुक्कामाला असतात. आशाताई बुधवारी रात्री तिथं गेल्या. वाहकानं सांगितलं की आमची गाडी सुटतेय, आणि पुढं सहज विचारलं, "तुम्ही शेंडीला का उतरता? सव्वासातला अकोल्यात पोचवतो, तिथं नाशिक गाडी लागलेली असते. बसून जाल."

लांबचा रस्ता, पण प्रत्येक टप्प्याला ठरलेली वेळ. ७ सप्टेंबरला त्या नऊ वाजून पाच मिनिटांनी नाशिकात उतरल्या आणि साडेनऊला बादलीपाशी होत्या. मुक्काम नाही, मामी नाही, मोरी नाही. अकोल्याच्या स्थानकात गाडी बदलताना पाजायला निवांत वीस मिनिटं मिळत होती. वाहकानं पुढच्या दोन्ही गुरुवारी दाराजवळची दोघांची सीट धरून ठेवली, चाकावरची नको म्हणून. चाकावर हादरे फार बसतात हे त्याला आम्ही सांगितलेलं नव्हतं.

मधल्या काळातली एक गोष्ट नोंदवते. ३ सप्टेंबरला, रविवारी, आईला वाटलं की डाव्या पायाची बोटं आत सरकलीत. प्लास्टर घसरलं की ते काढावंच लागतं, नाहीतर पाऊल भलत्याच आकारात आवळलं जातं. पण नवं प्लास्टर घातल्यावर आशाताईंनी त्याच दिवशी बोटांचा फोटो काढून ठेवला होता. दोन फोटो शेजारी ठेवले, फरक नव्हता. बोटं दाबली की पांढरी होऊन लगेच गुलाबी होत होती, गरम होती. एक खेप वाचली, आणि कदाचित आणखी एक आठवडा.

निष्पत्ती

२१ सप्टेंबरला, गौरी आवाहनाच्या दिवशी, दोन्ही टाचांची शीर सैल केली. आजी पहिल्यांदाच सोबत नव्हती, घरी गौरी होत्या. नवरा नारायणगावहून आला. १२ ऑक्टोबरला प्लास्टर निघालं, पावलं सपाट, आणि दांडीचे बूट मिळाले. औषधोपचाराला घरचा पैसा गेला नाही. नऊ खेपा, सात प्लास्टरं, त्यातली एक खेप रिकामी आणि एक प्लास्टर वाया.

बुटांचा काळ प्लास्टरपेक्षा अवघड असतो, कारण पाय दिसायला सरळ झालेले असतात आणि घरातल्या प्रत्येकाला वाटतं की आता पुरे. २३ तास बूट म्हणजे रोज एक तास मोकळा, आंघोळीसाठी. तपासणीला जायच्या दिवशी आई तो तास जपून ठेवायची आणि गाडीतल्या गर्दीच्या टप्प्यात बूट काढायची, कारण आडव्या दांडीसह बाळ दोन माणसांच्या मधून जात नाही. ही युक्ती तिची स्वतःची. मुलगा चौदाव्या महिन्यात चालला. आता रात्री बूट घालून झोपतो, आणि बुटाचा नंबर वाढला की पुन्हा नाशिक.

काय वेगळं करता आलं असतं

पहिले सात दिवस मालिशमध्ये गेले, ते आमच्याच साखळीतले. बाळाचं दुपटं सोडून पाय बघणं हे तिसऱ्या दिवशीच्या भेटीत व्हायला हवं होतं. आता माझ्या आशा ते करतात.

रुग्णालयात एक फोन पहिल्या खेपेच्या आधी करायला हवा होता आणि त्यात चार प्रश्न: नंबर किती वाजेपर्यंत, जुनं प्लास्टर कुठं काढायचं, कागद कोणते, लस तिथं होईल का. मी किलोमीटर मोजत बसले. मोजायला हवी होती ती खिडकी बंद व्हायची वेळ, आणि तिथून मागं येत गावातली पहिली गाडी.

१०२ साठी मी लेखी अर्ज करायला हवा होता. नकार आला असता तरी तो कागदावर आला असता आणि तालुक्याच्या बैठकीत ठेवता आला असता. तोंडी नकाराची कुठंच नोंद होत नाही, म्हणून पुढच्या बाळालाही तोच मिळतो.

मामाकडच्या मुक्कामाबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. पहिल्या दोन-तीन खेपा त्याशिवाय झाल्या नसत्या. पण पाहुणचार हे साधन मोजून वापरायचं असतं, आणि आम्ही ते यजमानांच्या नाही तर आमच्या सोयीनं वापरलं. प्लास्टर रात्री निघालं ते अज्ञानानं नाही, दुसऱ्याच्या घरात अडचण होऊ नये या भिडेनं. बेत आखताना ही भीड हिशेबात धरायला हवी होती.

आजीच्या बुडालेल्या सावडीचं काय? त्या वर्षी त्यांचं एक खाचर उशिरा लागलं आणि दाणा कमी भरला. हे कुठल्याही योजनेत भरून मिळत नाही. मी ते इथं लिहिते, कारण "उपचार मोफत झाला" या वाक्यात ते दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या पाड्यावर तसंच एक बाळ जन्मलं. मी वेळापत्रक छापून घेऊन गेले, त्यात घोटीचा आणि अकोल्याचा असे दोन्ही रस्ते वेळांसह लिहिले होते. बाळाच्या आईनं कागद घेतला, घडी करून कार्डात ठेवला आणि म्हणाली की तिला सगळं कळलंय, कालच धरणाकडची ती बाई पोराला घेऊन येऊन गेली.

"काय सांगितलं तिनं?"

"शेंडीला जीपवाला लई हाका मारतो. उतरू नको म्हणाली."